स्ट्राँग अर्ज आणि निमगोरा वर्ण

नाही पण, मी काय म्हणते, स्ट्राँग म्हणजे किती स्ट्राँग हे कोणी सांगेल का मला? चहा असता तर अजून एक चमचा पत्ती टाकली असती! पण इंटर्नशिपच्या अर्जात काय टाकायचं? नीतूताईला विचारलं. नीतूताई म्हणजे आमच्या लॉ कॉलेजची सीनियर, नागपूरच्या वकिलांच्या फर्ममध्ये इंटर्नशिप करून आलेली, आणि तेव्हापासून चालतेसुद्धा अशी, जणू मागून कोणीतरी तिच्या फाइली घेऊन येऊन राहिलं आहे... तर ती म्हणे, "हर्षा, बाकी काही असो नसो, अर्ज कसा पाहिजे? स्ट्राँग पाहिजे!" म्हटलं, म्हणजे कसा गं ताई? तर म्हणे, "स्ट्राँग म्हणजे... स्ट्राँग!" झालं. समजलं.

तुम्हाला सांगते, मी मुळात दचकणारी मुलगी. कुकरची शिट्टी झाली की दचकते. होणार हे माहीत असलं तर आधीच दचकून घेते. कोर्टात पुकारा झाला तर आरोपीच्या आधी मी उभी राहीन! अशा पोरीनं स्ट्राँग अर्ज लिहायचा. आणि न लिहून जाते कुठं? आमच्या लिलाधर मामानं सिहोऱ्याचं स्थळ आणून ठेवलेलं. मुलगा धनंजय, तीन एकर धान, पक्कं घर. मी रडले, जेवले नाही, मग थोडं जेवले, पुन्हा रडले. शेवटी बाबा म्हणाले, "हे पाय पोरी, तुही ते इंटरशिप लागली तं एक साल कोनी लग्नाचं नाव काढनार नाई. नाई लागली तं मंग मामा म्हनल ते." म्हणजे बघा, एका अर्जावर माझं अख्खं वर्ष टांगलेलं. अर्ज कसा पाहिजे? स्ट्राँग पाहिजे!

अर्ज नीतूताईच्याच त्या नागपूरच्या फर्मकडे. त्यांच्याकडे जमिनीची कामं फार, म्हणून त्यांनी मागितलेलं की माहिती इंग्रजीत द्या, पण 'मला वकील का व्हायचं आहे' हे एक पान मराठीत लिहा. आता काय लिहू? आधी लिहिलं, 'न्यायदेवतेच्या मंदिरात...' फाडलं. मग 'लहानपणापासूनच मला...' तेही फाडलं, लहानपणी मला बांगड्यांचं दुकान टाकायचं होतं! शेवटी जे खरं होतं ते लिहून टाकलं. लिहिलं की, 'माझे वडील ढिवर. तलावात जाळं फेकताना त्यांचा हात कापत नाही. कचेरीत सही करताना कापतो. कागदावर काय लिहिलं आहे ते विचारत नाहीत, कारण विचारलं की समोरचा म्हणतो, तुला वाचता येते का? मग कायले विचारतो? मला वकील व्हायचं आहे ते एवढ्यासाठीच. त्यांच्या शेजारी उभं राहून विचारायला, की साहेब, यात काय लिहिलं आहे?'

लिहिलं आणि स्वतःच दचकले. इतकं खरं मी बाबांना तोंडावर कधी बोलले नव्हते. बरं, बाबांना वाचता येत नाही, त्यांना कळणार कसं? म्हणून तर लिहिता आलं.

आता टाइप करायला मोहाडीला, मोनूच्या ऑनलाइन सेंटरवर. आणि इथं माझं नशीब बघा! लिलाधर मामानंही माझा बायोडाटा तिथंच करायला टाकलेला. लग्नाचा! आमच्याकडे बायोडाटा म्हटलं की एकच असतो हो, वर गणपती, खाली मामाकुळ. मोनूच्या कॉम्प्युटरवर एकाखाली एक दोन फाइली. 'हर्षा बायोडाटा' आणि 'हर्षा बायोडाटा फायनल'. आता तुम्ही सांगा, यातली वकिलाची कोणती? मी विचारणारच होते, तर मोनू ओरडला, "ताई, दाबा लवकर, लाइन जाऊन राहिली!" मी दचकले. दाबलं. टप्प! लाइट गेले. मेल गेला. मी आपली खूश! घरी येऊन देवापुढं साखर ठेवली.

मग, उत्तर येईपर्यंत स्थळ हातचं जाऊ नये म्हणून, बाबा आणि मामा मोनूकडून बायोडाटाचं पाकीट घेऊन सिहोऱ्याला गेले. संध्याकाळी आले ते मामा अंगणातूनच, "भाचे! हा कोनता बायोडाटा होय वं? ना उंची, ना रास, ना मामाचं नाव! आमी काय तोंड दाखवावं?"

मला कळलं. तिथंच उभ्या जागी कळलं. एक फाइल मी पाठवली, उरलेली मोनूनं छापून मामाच्या पाकिटात घातली! मोबाइल काढला, पाठवलेला मेल उघडला... ॥ श्री गणेश प्रसन्न ॥! पिवळ्या साडीतली मी, मागे मोनूनं चिकटवलेला धबधबा. उंची पाच फूट एक इंच. वर्ण निमगोरा. छंद, रांगोळी व लोणची. अपेक्षा, मुलगा निर्व्यसनी व घरचं शेत असलेला. हे मी नागपूरच्या मोठ्या वकिलांना पाठवलं होतं! आणि शेवटची तारीख? कालची.

तरी मी खरा अर्ज पुन्हा पाठवला, माफी मागितली, हात जोडलेली चित्रंसुद्धा टाकली. उत्तर आलं, बरं का! दोन ओळींचं. 'मुदत संपल्यामुळे दुसरा अर्ज विचारात घेता येत नाही. पहिल्या अर्जातील अपेक्षांना अनुरूप असे आमच्या कार्यालयात सध्या कोणी नाही. शुभेच्छा.' मी हसले. खूप हसले. आई म्हणे, पोरगी रडून काहून राहिली?

आणि सिहोरा? तिथं काय झालं ते तर ऐका. मुलाचे वडील, भोजराजजी, त्यांनी चष्मा लावून ते मराठीचं पान भर बैठकीत मोठ्यानं वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाबा समोर बसलेले! दुसऱ्या दिवशी भोजराजजींचा फोन, "पसंत हाय! इतकी इस्ट्राँग पोरगी आमच्यात पायली नाई. आमचा शेताच्या धुऱ्याचा, हद्दीचा दावा चालू हाय शेजाऱ्यासंगं, घरचाच वकील भेटला तं बरं!" आणि मुलाचं मत? मुलगा म्हणे पाणी घेऊन बाहेर आला, ग्लास ठेवले, आत गेला. त्याला कोण विचारते!

मी नाही म्हणणार होते. शपथ! वाक्य पाठ केलं होतं. बाबा ओट्यावर जाळं शिवत बसले होते, गेले त्यांच्यापुढं. तर मान वर न करता बाबाच आधी बोलले.

"पोरी, ते लिवलं व्हतं, ते कोनासाठी?"

"वकीलसाहेबांसाठी, बाबा."

"त्याइनं वाचलं?"

"नाही."

बाबांनी एक गाठ मारली. दुसरी मारायला घेतली, तर हात कापत होता. जाळ्यावर, हो! जाळ्यावर कधी कापत नव्हता...

"बरं झालं," म्हणाले. "माह्या तं कानावर आलं."

मी त्यांच्या शेजारी बसले, जाळ्याचं दुसरं टोक धरलं, आणि नाही म्हणायचं राहूनच गेलं. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. आणि बघा, आयुष्यात पहिल्यांदा मी दचकले नाही. दचकायचं जे होतं ते होऊन गेलं होतं.

तर इंटर्नशिप लागली एकदाची! ठिकाण सिहोरा. काम, धुऱ्याचा दावा आणि सकाळचा स्वयंपाक. मानधन नाही, सुट्टी नाही, मुदत सात जन्म. नीतूताईला कळवलं, तर म्हणे, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

म्हटलं होतं, ताई. अर्ज स्ट्राँगच होता.