अर्धा घंटा चक्की बंद

मी मूळची चिचगडकडची, जंगलातली. आमच्या घरी कोणी पुस्तक उघडलं नाही, मोहफुलं वेचली, पानं तोडली, अन् मग लग्न होऊन मी इकडे आमगावजवळ आली. पोट्टी लहान होती तवाच मालक गेले. तवापासून शाळेत खिचडी शिजवून राहिली मी, अन् घरात आमी दोघीच, मी अन् माही सुनंदा. पण तिले नर्सचं शिकवलं, हे मात्र मी केलं बाप्पा.

तर तो लॅपटॉप. माह्या भाचीनं वापरून सोडलेला. सुनंदा म्हणे आई, याची बॅटरी गेली. मी म्हटलं गेली तर नवे सेल टाक, दुकानात भेटतेत. हासली ना माह्यावर! आमच्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्च, मले काय माहीत? मग तिनं सांगतलं, तार लावून ठेवली तर चालते, लाइन जराशी हालली का खटकन बंद. मले धाकच बसला, त्या तारेजवळून मी झाडूही मारत नव्हती.

नागपूरच्या एका दवाखान्यानं तिची मुलाखत त्याच्यावरच ठेवली, पेपरही त्याच्यातच सोडवाचा, मोबाइलवर नाही जमत म्हणे. ती बोलून राहिली होती, मी चुलीपाशी, अन् तिकडे शेजारची पिठाची चक्की सुरू झाली धडधड, बल्ब मंद झाला अन् लॅपटॉप बंद. पोट्टी रडली, हातापाया पडली फोनवर. ते म्हणे उद्या दुपारी आणखी एक टाइम देतो, हा शेवटचा.

दुसऱ्या दिवशी ती मुलाखतीले बसली अन् मी चक्कीवर गेली. चक्कीवाल्या सदाराम भाऊले म्हटलं, पाया पडतो भाऊ, अर्धा घंटा चालू नको करू. तो म्हणे काऊन? ह्या चार बाया डबे घेऊन बसल्या, त्यायले काय सांगू? बायाही चिडल्या, म्हणे आमच्या घरी पाहुणे आहेत. मी सांगतलं, माह्या पोट्टीची नोकरी जाईन, अन् बटनाच्या खोक्याले पाठ लावून उभी राहिली. बाळंतपणात नाही वाटलं एवढं भेव वाटलं मले, वाऱ्यानं पत्रा वाजला तरी वाटे गेली लाइन, गेली.

अन् काय सांगू तुमाले, खोटं कायले बोलू, तिथं उभ्या उभ्या एकदा मनात आलं का बाजूले व्हावं. होऊ दे चक्की चालू. पोट्टी घरीच राहीन. ती नागपूरले गेली तर त्या घरात मी कोणाशी बोलू? असं मनात आलं अन् मग मले माहंच भेव वाटलं, लाइनीचं वाटत होतं त्याच्यापेक्षाही जास्त. मी आणखी दाबून पाठ लावली. सदाराम भाऊ म्हणे बाई, झटका लागन तिथं. मी म्हटलं लागू दे.

झालं तिचं, नोकरी लागली. चार महिने झाले नागपूरले जाऊन. रोज फोन करते, आई जेवली का म्हणते, मी हो म्हणतो, कधी खरं, कधी खोटं. एकटीले भेव वाटते घरात, वाटते तर वाटू दे, आता काय करता. पोट्टी जिथं राहीन तिथं सुखात राहो, अन् त्या दिवशी चक्कीवर तिच्या मायच्या मनात काय आलं होतं, ते तिले कधी न समजो.