ढाल धरायला शिकवणारा

१९९९चा उन्हाळा होता. जळगावच्या स्टँडवर भुसावळच्या गाडीच्या रांगेत लताबाई उभ्या होत्या. त्यांच्यापुढे दीपनगर कॉलनीतल्या दोन मुली होत्या, नुकत्याच सायबर कॅफेतून आलेल्या. उंच मुलीचा चेहरा उतरला होता आणि तिची मैत्रीण तिला विचारत होती.

“आजही नाही आला तो?”

“नाही.”

“पण आहे कोण गं हा?”

“इंटरनेटवरच्या खेळातला. चित्रं नसतात त्यात, नुसती अक्षरं. काय करायचं ते टाइप करायचं. तो कुठल्या देशातला, तेही माहीत नाही. पहिल्याच दिवशी मला लांडग्यांनी घेरलं, तर मध्ये येऊन उभा राहिला.”

“मग?”

“मग ढाल धरायला शिकवलं. घाव कसा अडवायचा, मागे कधी सरायचं. दर रविवारी यायचा. कितीदा चुकले, पण कधी वैतागला नाही.”

“आणि आता?”

“आता सगळं येतं मला. ‘तुझी तू लढशील’ म्हणाला आणि गेला.”

“मग बरंच झालं की.”

“आज मी मुद्दाम ढाल टाकली. लांडग्यांमध्ये नुसती उभी राहिले.”

“आला?”

“नाही. मेले मी.”

लताबाईंना राहवलं नाही. “त्याले ये म्हनून सांगून दे ना, बाई.”

मुलगी मागे वळली. “निरोप ठेवता येतो, मावशी. पण मग त्याला वाटेल, आपण शिकवलेलं वाया गेलं.”

गाडी लागली. लताबाई गर्दीत घुसल्या, त्या उंच मुलीसाठी खिडकीजवळची जागा धरली आणि तिला हाक मारली.