पाठीमागचा हुक

हसू नका गं बायांनो! तुम्हांस्नी सांगते, बॉडीचा हुक पाठीमागं लावायचं डोस्कं बापयाचंच असणार, जल्मात कधी अंगात न घातलेल्या बापयाचं! पोलक्याला हुक पुढं, गाऊनला बटन पुढं, मग हिलाच काय मागं धाडलंय? आपला हात आपल्या पाठीला पोचतोय का, सांगा!

माझा तर न्हाईच. वडगावात हातमागावर बसून धोट्याची दोरी वढून वढून उजवा खांदा धरलाय. पण काळजी न्हवती, राजी होती की! राजी म्हंजे माझी धाकटी जाऊ. न्हाऊन आलं की मी दाराआड पाठ करून हुबी, "राजे, लाव गं!" आणि ती गार हातानं आधी चिमटा काढणार, "आक्का, श्वास आत घ्या, कालच्या पुरणाच्या होळग्या हितं आल्यात!" मग तिची पाठ, माझं हात. तिचा बी खांदा तसलाच. अबोला असला तरी हुक कधी चुकला न्हाय.

आणि भावाभावांचं बिनसलं... मागघराच्या मधनं भिंत. तिचा माग तिकडं, माझा हिकडं. आमचं मालक म्हणालं, "तिकडं बोलायचं न्हाय." बरं! पण माझ्या पाठीचं काय? एकदा ह्यांनाच लावाया सांगितलं... तुटलेला धागा चुटकीसरशी जोडणारा माणूस, घामाघूम झाला आणि म्हणतोय कसा, "आगं, ह्याचं तोंड कुठल्या अंगाला?" आपला हात आपल्या पाठीला पोचतोय का, सांगा!

मग काय, हुक पुढं लावायचा आन् गरागरा मागं फिरवायचा. काखंत सोलपटं निघाली! तरी पुढच्या हुकाची घेतली न्हाय. का? आवो, राजीचा तरी हात कुठं पोचतोय? आज न्हाय उद्या अडंल, भिंतीपलीकडनं हाक मारंल, "आक्का, लावा की!" मी थोरली, मी आधी कशी बोलू? रोज न्हाऊन आलं की कान भिंतीला...

परवा खांदा लईच धरला, तवा गेले दुकानात. "बर्री आक्का, या या!" म्हणत रक्षा नावाच्या पोरीनं ढीग मांडला. "पुढच्या हुकाची सोयीची असती. पण मागच्याला हुकाच्या तीन रांगा, पायजे तशी सैल करा, पायजे तशी घट्ट." मी म्हटलं, रांगा असू देत गं, लावणारी कुठं हाय?

घेतली पुढची. चोरी केल्यागत वाटलं बघा. धुवून गच्चीवर वाळत घालाया गेले. गच्चीवर भिंत न्हाय, नुसत्या दोन दोऱ्या. राजीच्या दोरीला बघितलं... समद्या पुढच्याच हुकाच्या! आणि नव्या न्हवं वो, धुवून धुवून पार इटलेल्या. म्हंजे मी कान लावून बसलेली, तवाच तिनं सोय केलती. लई रडू आलं वो...

बाकी सोय लई हाय, खोटं कशाला सांगू! पुढनं चट्ट लागतंय, आणि लावताना कुणी चिमटा बी काढत न्हाय.