शुक्रवारच्या शाळा

ताहेरुन्निसा : अहो, पण शाळा बघायला शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी कोण नेतं? चिटपाखरू नाही इथं.

अब्बास : मग कधी नेऊ? शाळा उघडी असते तेव्हा माझं ऑफिसपण उघडं असतं. आणि शाळा रिकामीच बघावी. गर्दीत भिंती दिसत नाय.

(कतारच्या उत्तर टोकाचं मदिनत अश शमाल. साल १९९९, मार्चमधली दुपार. हवेत बारीक धूळ. गाव, समुद्र आणि आकाश एकाच पांढऱ्या चादरीखाली पडल्यासारखी. नगरपालिकेतला कारकून अब्बास गाडी चालवतो आहे. बायको शेजारी, सहा वर्षांची जिक्रा मागे.)

अब्बास : ही बघ. सरकारी. माझी नोकरी सरकारी म्हणून आपल्या पोरीला घेतील. आठवडाभर जातायेता बघतोय. काय कंपाउंड, काय टाकी!

ताहेरुन्निसा : टाकी शिकवणार का तिला?

अब्बास : टाकी मोठी म्हणजे पाणी भरपूर. आमच्या दाभोळच्या शाळेत पाणी नव्हतं. बघ माझं काय झालं.

ताहेरुन्निसा : थांबा, पाटी वाचू द्या. मदरसतु... काहीतरी... लिल-बनीन. बनीन म्हणजे मुलगे ना हो?

अब्बास : असतील.

ताहेरुन्निसा : मुलग्यांची शाळा आहे ही! आठवडाभर तुम्ही मुलीसाठी मुलग्यांची शाळा पसंत करताय.

अब्बास : टाकीवर तसं लिहिलं नव्हतं.

जिक्रा : अब्बा, शाळा झोपलीय?

अब्बास : हो. हळू बोल.

ताहेरुन्निसा : आणि त्यात शाळेला म्हणायचं मदरसा. आईला फोनवर म्हटलं, हे जिक्राला मदरशात घालू म्हणतायत. तर म्हणाली, "आणि गणित?"

अब्बास : सांगायचं ना, इथं गणितपण मदरशातच असतं.

ताहेरुन्निसा : ते एका फोनकार्डात बसत नाही.

अब्बास : यल्ला, चल, दुसरी बघू.

ताहेरुन्निसा : बघा हवं तर. जूनमध्ये मी आणि जिक्रा रत्नागिरीला जाणार, तिला तिथं पहिलीत घालणार, हे ठरलंय.

अब्बास : ठरलंय कुठं? तिकीट काढलंय फक्त.

ताहेरुन्निसा : जाण्याचंच काढलंय.

अब्बास : दोह्याच्या इंडियन स्कूलची बस इथवर आली असती तर...

ताहेरुन्निसा : नाही येत. तुम्ही विचारलंत तेव्हा फोनवरचा माणूस हसला होता.

अब्बास : ही बघ, ही बनात. मुलींची. या वेळी वाचून घेतलंय. भिंत बुटकी, पण दारात झाड हाय.

ताहेरुन्निसा : बोर आहे ती.

अब्बास : मग झालंच. बोरं खायला तरी पोरं शाळेत येतात. आता तुझ्या रत्नागिरीच्या शाळेशी तुलना कर. भिंत?

ताहेरुन्निसा : कुंपण आहे.

अब्बास : टाकी?

ताहेरुन्निसा : विहीर.

अब्बास : एसी?

ताहेरुन्निसा : खिडकी. पण तिथं फळ्यावर लिहिलेलं मला कळतं. मी डी.एड. झालेली बाई, लग्नाआधी पहिलीलाच शिकवत होते. गावभरच्या मुलांना ग म भ न गिरवायला लावलं. आणि माझ्या मुलीची वही? वाचेन मी सगळी, लहानपणी अर्थ न कळता कुराण वाचायला शिकले तशी, जेर-जबरच्या खुणांसकट. पण तिनं खुर्ची लिहिलंय की कुत्रा, हे कळायला नको?

(अब्बास गाडी बोरीच्या सावलीत थांबवतो.)

ताहेरुन्निसा : बोला की.

अब्बास : पहाटे स्वप्न पडलं मला. समुद्र शाळेच्या पायरीपर्यंत आलेला. वर्गात मी एकटा, गुडघे बाकात मावत नाय. बाई हजेरी घेतायत. जिक्राचं नाव आलं. कोण ओ देत नाय. बाई मला विचारतात, मुलगी कुठाय? म्हटलं, घरी. तर म्हणतात, कुठल्या घरी?

ताहेरुन्निसा : मग?

अब्बास : मग काय. जागा झालो. तुम्ही दोघी होतात. बघत बसलो.

ताहेरुन्निसा : कुठल्या भाषेत बोलत होत्या बाई?

अब्बास : सगळं कळत होतं. म्हणजे अरबी नसणार.

जिक्रा : अम्मी, मी उतरू? फाटकातून बघू?

ताहेरुन्निसा : चल, मीही येते.

जिक्रा : आत भिंतीवर मासा काढलाय! खाली काय लिहिलंय?

ताहेरुन्निसा : बघू. सीन... मीम... काफ. समक.

जिक्रा : म्हणजे काय?

ताहेरुन्निसा : मला नाही गं... थांब. मासाच की! चित्राखाली दुसरं काय लिहितील? मीही असंच लिहायची, मासा काढून खाली मासा. समक म्हणजे मासा.

अब्बास : हो, समकच. बाजारात मी तसाच मागतो.

ताहेरुन्निसा : मग आजवर सांगितलं नाहीत?

अब्बास : घरी आला की तो म्हावरं होतो.

जिक्रा : आणि ते शेजारचं? दाराचं चित्र?

ताहेरुन्निसा : बा, अलिफ, बा. बाब. सांग बघू, बाब म्हणजे?

जिक्रा : दार!

ताहेरुन्निसा : शाब्बास. आणि ते पलीकडचं? नाही, ते धुळीत दिसत नाहीये. आत गेल्याशिवाय नाही दिसायचं.

अब्बास : ताहेरा, मग ते जूनचं तिकीट...

ताहेरुन्निसा : असू दे. इथल्या शाळेला तेव्हा सुट्टीच असेल. परतीचं तेवढं काढा.