साखळीत न धरलेला हात

दिनांक १८ नोव्हेंबर १९९१

नाव : हेमा गोमाजी नाखवा, वय २३ वर्षे, शिक्षण बी. ए., धंदा बालवाडी शिक्षिका, राहणार चेंदणी कोळीवाडा, ठाणे.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, कबड्डीची निवड चाचणी चालू असताना तुम्ही कोणाच्या परवानगीने मैदानात उतरलात, असे मला विचारण्यात आले. परवानगी मी मागितली नव्हती.

माझी धाकटी बहीण तुळसा, वय १५, कबड्डी खेळते. आमच्या कोळीवाड्यात मुलग्यांचा संघ आहे, मुलींचा नाही. जिल्हा स्पर्धेत उतरायचे तर संघ लागतो. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतची मंडळे मी स्वतः फिरून पाहिली. उदयप्रभा क्रीडा मंडळाच्या फाटकावर "येथे फक्त खेळ पाहिला जातो" अशी पाटी आहे. ती वाचून मी हे मंडळ निवडले.

काल रविवारी चाचणी होती. सकाळी तुळसाने आईला कोलंबी सोलून दिली. निघताना आई तिला म्हणाली, "लिंबू चोल गो हाताला, ते लोकांना वास येतं." मी आईवर चिडले. खेळाडू असले काही पाहत नाहीत, असे मी तिला सांगितले.

चढाईत तुळसा कोणाच्या हाती लागली नाही. नंतर पकडीची पाळी आली. पकडीसाठी दोघी हातात हात घालून साखळी करतात. तुळसाच्या शेजारच्या मुलीने हात न धरता तिची बाही चिमटीत धरली. साखळी तुटली. दुसरी मुलगी आली, तिनेही तेच केले. "सुकटीची गोणी आली गं," असे कोणीतरी म्हणाले व मुली हसल्या. प्रशिक्षक मधु देवस्थळी यांनी शिट्टी वाजवून, "हिला साखळी जमत नाही, बाहेर," असे जाहीर केले.

मी म्हणाले, "सर, त्यांना हात धरायला सांगा."

ते म्हणाले, "अगं, जबरदस्ती कशी करणार? चांगल्या घरच्या मुली आहेत. तुमच्याकडे होड्यांच्या शर्यती असतात ना, तिथे पाठव हिला. तू शिकलेली आहेस, तुला तरी कळायला हवं."

मी साडी खोचून मैदानात उतरले, तुळसाचा हात धरला आणि म्हणाले, "आता पाठवा चढाईला कोणाला पाठवायचे ते." कोणी आले नाही. तुळसा "ताई, घरी चल ना" म्हणत होती. मी हलले नाही. देवस्थळी यांनी मला दंडाला धरून ओढले, तेव्हा मी त्यांच्या गळ्यातील शिट्टी हिसकावली, हे खरे आहे. मारहाण केली, ही त्यांची तक्रार खोटी आहे.

मी माफी मागितल्यास तुळसाला राखीव खेळाडू म्हणून घेऊ, असे देवस्थळी यांनी आज पोलीस ठाण्यात सांगितले. त्यास माझा नकार आहे. आज सकाळी आईने मासळी वाळवायच्या खळ्यावरून आपले बोंबील उचलले. तेथे मी चुन्याच्या रेषा आखून मुलींचा संघ सुरू केला आहे. पहिला सराव त्याच शिट्टीवर घेतला. शिट्टी आता ठाण्यात जमा करीत आहे.

जबाब मला वाचून दाखवण्यात आला, मी स्वतःही वाचला. शेवटी "माझी चूक झाली" हे वाक्य होते, ते मी खोडायला लावले. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही : हेमा गोमाजी नाखवा