पूजेआधीची साफसफाई

तुम्ही हसताय, पण मी त्या दिवशी रडायचा बाकी होतो. खंडेनवमी होती. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बसवत होतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कापूस खरेदीचा मुहूर्त. तीनदा इन्स्टॉल केलं, तीनदा तेच: कंपायलर सापडत नाही. अरे, आठवड्यापूर्वी मीच टाकला होता! त्या अवजाराशिवाय पुढचं काही तयारच होत नाही.

मालक नानांना विचारलं, तर म्हणाले, "ते मीच काढून टाकलं. कोणी उघडतच नव्हतं. पूजेआधी बठ्ठं साफ नको?"

"नाना, अवजारांच्या पूजेसाठी अवजारच फेकलंत?"

"मग टाक परत," असं म्हणत नानांनी की-बोर्डवर हळद-कुंकू वाहिलं. "फक्त आता मुहूर्तापर्यंत याला हात लावायचा नाही."