आता बघ कसा पळतो

वडील गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तिच्या जुन्या लॅपटॉपमध्ये नवी डिस्क बसवून दिली होती. "आता बघ कसा पळतो," ते म्हणाले होते. तिने मानही वर केली नव्हती.

आज तोच लॅपटॉप एक्सचेंजमध्ये द्यायला ती दुकानातल्या रांगेत उभी होती. पुढे बापलेकीची जुंपली होती.

"रॅम वाढवली की झालं!"

"बाबा, या डबड्यात ती वाढवताच येत नाही!"

"मग मी आणलीय ती?"

"घाला चुलीत! आधी विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर आणू दिली असतीस?"

"मुळीच नाही!"

"म्हणून नाही विचारलं."

"पुरे झाली तुमची काटकसर! मला नवाच हवाय."

"ताई, तुमचा द्यायचाय ना?" दुकानदाराने त्या दोघांच्या मागे उभ्या असलेल्या तिला विचारलं.

तिने लॅपटॉप छातीशी घट्ट धरला.

"मस्त पळतो हो, बाबा," ती मोठ्याने म्हणाली.